शनीचं कडं

“दुर्बीण निघाली, त्या दिवशी माणसाची ग्रहांपुढची भीती संपली!” जिंतूरच्या सरकारी शाळेतल्या व्यंकटराव मास्तरांनी अंगणात उभं राहून जाहीर केलं, आणि माकडांनी पळवू नये म्हणून दुर्बीण उभ्या केलेल्या बाजेला सुतळीनं करकचून बांधली.

चव्वेचाळीस सालचा माघ, शनिवारची दिवेलागण. मास्तर दुपारपासून तापलेले. पाथरीचे किशनराव, होणारे व्याही, आले ते खिशात लोखंडी अंगठी घेऊनच. काळ्या घोड्याच्या नालेची.

“पोरीला साडेसाती हाय. तिनं घालावी, न्हाईतर तुमी घाला. शनवारी तेल वाहा. जमत नसंल तर सोयरीक मोडली.”

मास्तरांनी अंगठी अंगणातल्या आडात भिरकावली. डुबुक. आतून कमलचा हुंदका आला. लेकीनं ते घर मनात धरलं होतं. तेवढ्यानं मास्तर जास्तच पेटले.

“शनिदेव म्हणे! गोळा आहे तो. अन् त्याचं कडं म्हणजे भोवती फिरणारे बारीक तुकडे. त्यांना तुमच्या लग्नाशी काय घेणं?”

“तुकडे आले कुठून?”

“एखादा चंद्र फुटला असावा. किंवा जुळलाच नसावा.”

“असावा, नसावा!” किशनराव पान चघळत म्हणाले. “आमचा जोशी तरी पक्कं सांगतो. मंग मंगळाला का न्हाई कडं?”

“कळलेलं नाही अजून!” मास्तर ओरडले, जणू चूक किशनरावांचीच होती. “डोळा लावा आधी!”

किशनरावांनी लावला. “कडं कुठाय? नुसता गोळा दिसायलाय.”

मास्तरांनी त्यांना ढकललंच. भिंगात पिवळा, उघडा गोळा. कालपर्यंत कडं टोपीच्या काठासारखं रुंद होतं. दर पंधरा-एक वर्षांनी त्याची पातळ कड आपल्याकडे होऊन ते दिसेनासं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण तसं होऊन सातच वर्षं झाली होती.

भिंग धोतरानं पुसलं. पुन्हा पाहिलं.

नाही.

संतापून त्यांनी नळीवर मूठ आपटली.

ठण्ण.

मधलं बोट गार पडलं होतं. आडातल्या शेवाळाचा वास आला. एक थेंब मनगटावर ओघळला.

“म्हंजे आडात खडा टाकला व्हता!” बोटातल्या अंगठीकडे बघून किशनराव खो खो हसले. “लय नाटकी हाव मास्तर तुमी. जा, लगीन पक्कं!”

मास्तरांनी अंगठी ओढली. ती आणखी आवळली.

आवाज होईल तितका करडा ठेवून त्यांनी आत हाक मारली, “कमल, थोडं तेल आण गं.”