एकोणिसांचा डबा

ही गोष्ट एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालची. त्या वसंतात लाकूडगिरणीच्या करवतीने लाइल हाउगेनच्या उजव्या हाताची दोन बोटे नेली, त्यात चाप ओढायचे बोटही गेले. मोंटानातल्या एल्डर फोर्कच्या खोऱ्यात बोटे जाणे ही काही मोठी बातमी नव्हती. गिरणीतल्या निम्म्या पुरुषांना दहापर्यंत मोजायला बायकोचा हात उसना घ्यावा लागे. पण हिवाळ्याचे मांस लाइल आणी. एक एल्क, म्हणजे घोड्याएवढे हरीण, मिळाले की चार माणसांचे घर मार्चपर्यंत निभावे. गिरणी अर्धाच पगार देत होती. त्यामुळे त्या वर्षी शिकारीचा परवाना आर्डिसने, त्याच्या बायकोने, स्वतःच्या नावाने काढला.

तिचा नेम लाइलपेक्षा चांगला होता, हे लाइल सोडून सगळ्यांना ठाऊक होते. रायफल तिच्या वडिलांची. अडचण एवढीच की त्या मापाची काडतुसे दुकानात मिळेनाशी झाली होती. उडवलेल्या काडतुसांच्या वीस रिकाम्या पितळी नळ्या वडिलांनी कॉफीच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. त्या पुन्हा भरायच्या तर लोखंडी प्रेस हवा. दांडा खाली ओढला की नळी साच्यात जाऊन मापात बसते, मग तिला बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू आणि वर गोळी.

वॉल्ट प्रुइटच्या हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर एक नवा प्रेस होता, लालभडक रंगाचा.

"नवशिक्यानं नवाच घ्यावा, आर्डिस," वॉल्ट म्हणाला. "सोबत पुस्तक येतं, साचे येतात. अडलीस तर मी इथंच आहे."

"तू इथंच आहेस हीच तर भीती," शेगडीजवळून म्हातारा गस फ्रेटाग बोलला. "पोरी, हे हलकं ॲल्युमिनियम. ओतीव लोखंड बघ. दांड्याला लोंबकळायचं आणि आतला खांब डगमगतो का पाहायचं. नाही डगमगला तर जुनाच घे. ओसमंड कोल्स्टाडचा पडून आहे."

"मेलेल्या माणसाचं यंत्र?" आर्डिसने विचारले.

"म्हातारपणानं मेला तो. दहाही बोटं जागच्या जागी ठेवून. या खोऱ्यात याहून मोठी शिफारस असते का?"

वॉल्ट हसला. "ओसमंडचा डबा मात्र एकोणिसांचा. काडतुसं भरून विकायचा, पण वीस खाचांच्या डब्यात एकोणीस द्यायचा चिंगूस. विसावं बहुतेक न्याहारीला खायचा."

कोल्स्टाडबाईंनी नवऱ्याच्या कारखान्याचे दार उघडले तेव्हा आत अजून तेलाचा आणि पाइपच्या तंबाखूचा वास होता. काळ्या लोखंडाचा प्रेस एका लहान मुलाएवढा जड होता. आर्डिस दांड्याला लोंबकळली. खांब तसूभरही हलला नाही. तडा नाही, गंज नाही. दांड्याची मूठ हाताळून हाताळून कवडीसारखी गुळगुळीत झाली होती.

"तिघांनी मागितला," बाई म्हणाल्या. "नाही दिला."

"मग मला का देता?"

"त्यांनी विचारलं केवढ्याला. तू विचारलंस, ते कसा वापरायचे."

बाईंनी दारू तोलायचा काटा, जाडी मोजायचा दोन टोकांचा पितळी मोजचिमटा आणि साचे एका खोक्यात भरून दिले. आर्डिसने सहज विचारले, "आणि एकोणीस का, हो?"

"भरायचे वीसच. सकाळी कॉफी पिता पिता एकेक तोलायचे. एक बाजूला काढायचे आणि त्या लायलॅकच्या झुडपाखाली पुरून यायचे."

"का?"

"चव्वेचाळीस वर्षं संसार केला, हे मी विचारलं नाही. त्यांनीही माझ्या बहिणीची पत्रं कधी उघडली नाहीत."

आर्डिसने प्रेस मागच्या पडवीतल्या टेबलाला बोल्टने आवळला. काम तिला आवडले. दांड्याचा जोर, नळी साच्यात सरकताना होणारा तो घासल्याचा मऊ आवाज, तांदळाच्या कणीसारखी काळी दारू. गसने सांगितलेले नियम तिने भिंतीवर लिहून लावले होते. टेबलावर दारूचा एकच डबा. दारू घातली की नळ्यांच्या लाकडी पाटावर टॉर्च मारून प्रत्येकीत डोकावायचे. नवशिक्याकडून घडणारी चूक एकच, एखाद्या नळीत दारू घालायचीच राहते. तसले काडतूस उडवले तर नुसते फट् होते, गोळी रायफलीच्या नळीत अडकून बसते, आणि घाईने पुढचे झाडले तर रायफल तोंडावर फुटते.

वीस काडतुसे झाली. तिने एकेक तोलले. सगळी सारखी.

सकाळी तिला ओसमंडची आठवण झाली म्हणून तिने पुन्हा तोलली. एक हलके होते.

ते उघडले तर आत दारू नव्हती. सांडली म्हणावे तर टेबलावर कण नव्हता. नळीचे आतले पितळ धुऊन पुसल्यासारखे स्वच्छ होते.

"राहिली असेल घालायची," लाइल म्हणाला. "कारखानदारीणबाई, पहिलाच दिवस आहे."

"मी तोललं होतं, लाइल."

"मग तोलायचं राहिलं असेल."

तिलाही तेच पटले. वीसच्या वीस उघडून तिने पुन्हा भरली. या वेळी लाइल शेजारी बसला आणि प्रत्येक नळीत टॉर्च मारून मोठ्याने मोजत गेला. वीस. सकाळी एक हलके. कालचे नव्हते, दुसरेच.

तिसऱ्या वेळी तिने डब्याला सुतळी बांधली, गाठीवर मेण ओतले आणि डबा पिठाच्या पिंपात पुरला. सकाळी मेण अखंड होते. तिने ते फोडले, एकोणीस काडतुसे काट्यावरून उतरवली आणि विसाव्याला काटा वर राहिला.

"तू करतोस का हे?" ती म्हणाली. आपला आवाज तिलाच ओळखू आला नाही.

लाइलने उजवा हात टेबलावर ठेवला. "कशानं गं? ह्यानं?"

 दिवसभर ती पडवीत जाऊन प्रेसपुढे उभी राही आणि परत येई. यंत्रात काय पाहायचे हेच तिला कळत नव्हते. लोखंड होते, दांडा होता. काट्यात दोष म्हणावा तर तो एकोणिसांना खरे सांगत होता. शेवटी तिने ओसमंडने केले तेच करायचे ठरवले. पण नोव्हेंबर लागला होता. कुदळ जमिनीवरून टणकन उडाली. हलके काडतूस तिने कोटाच्या डाव्या खिशात टाकले, ऊन पडले की पुरू म्हणून.

शनिवारी सकाळी आर्डिस आणि तिचा धाकटा भाऊ नॉरिस डोंगरावर गेले. नॉरिस चौतिशीचा, बिनलग्नाचा, अखंड बडबड्या. ठरल्याप्रमाणे तो ओढ्याच्या पलीकडच्या अंगाने वर जाणार होता आणि दोघांची गाठ माथ्यावर पडणार होती.

"माझ्या आधी मारलंस तर गावभर सांगेन की मी मारला," तो म्हणाला.

"सांग. विश्वास कोण ठेवणारेय?"

शिकाऱ्यांना दुरून माणूस ओळखू यावा म्हणून घातलेले त्याचे केशरी जाकीट झाडीतून बराच वेळ दिसत होते. मग दिसेनासे झाले.

तिने डब्यातून चार काडतुसे घेतली होती. चारही घरून निघताना पुन्हा तोललेली. डब्यातली उजव्या खिशात, हलके डाव्या. ते तिने वाटेत दोनदा चाचपले होते.

नऊच्या सुमारास धुके ओढ्यापुरते उरले. अल्डरच्या झुडपात एल्कची एक मादी उभी होती, शंभर पावलांवर.

आर्डिस आजही सांगते की ती एल्कच होती. नाकपुड्यांतून वाफ येत होती. डावा कान एकदा मागे वळला. मानेवरच्या गडद केसांत दव अडकले होते. एवढे दव कोणी कल्पनेने पाहत नाही.

तिने खांद्यामागची जागा धरली. श्वास सोडला. चाप ओढला.

फट्.

नुसते तेवढेच. कोणी दोन बोटांनी चुटकी वाजवावी तसे.

तिने बोट काढले. पुढचे काडतूस चढवणाऱ्या बोल्टला हात लावला नाही. गसचा नियम.

झुडपात नॉरिस उभा होता.

अंगात तपकिरी कोट. चढताना उकडले म्हणून केशरी जाकीट काढून त्याने पिशवीत कोंबले होते. तो तिच्याकडे बघत होता आणि तळहाताने छाती चोळत होता.

"तू हाक मारलीस का?" त्याने विचारले.

रायफलीचे तोंड आभाळाकडे धरून ती त्याच्याकडे धावली.

"कोणीतरी थाप मारली गं इथं. जोरात नाही. आपला पाद्री मारतो तशी."

तिने त्याचा कोट उघडला, शर्ट उघडला. भोक नाही, ओरखडा नाही. गोऱ्या कातडीवर काहीच नाही. मग तिने रायफल उघडली. नळी रिकामी निघाली, टोपी फुटलेली, तोंडाची गोळी गेलेली. म्हणजे गोळी रायफलीत अडकलेली असणार. तिने बोल्ट काढला आणि मागून डोळा लावला.

आरपार आभाळ दिसत होते.

डाव्या खिशात एक काडतूस होते. घरी आल्यावर ते तोलले तर पुरते भरलेले निघाले. खिशांची अदलाबदल झाली असेल, लाइल म्हणाला. असेलही. पण गोळी कुठे गेली, हे त्याने विचारले नाही.

आर्डिस पुन्हा बंदूक घेऊन डोंगरावर गेली नाही. चार दिवसांनी नॉरिसने एल्क मारला, अर्धा बहिणीच्या घरी आणून टाकला, आणि हाउगेन मंडळींनी तो हिवाळा त्यावर काढला. मांस चांगले होते. 

वॉल्टचे दुकान ऐंशी साली बंद झाले. तो लाल प्रेस शेवटपर्यंत कोणी नेला नाही. गस फ्रेटाग एक्क्याण्णव वर्षे जगला आणि दहा बोटांनिशी गेला. कोल्स्टाडबाई स्पोकेनला लेकीकडे गेल्या आणि तिथेच वारल्या. त्यांचे घर घेतलेल्या तरुण जोडप्याने लायलॅक उपटला तेव्हा मुळांत काडतुसांनी भरलेले सात कॉफीचे डबे निघाले. सगळी हलकी. लाइल डाव्या हाताने नेम धरायला शिकला, आणि नव्वद साली झोपेतच गेला. प्रेस आर्डिसने कोणाला विकला नाही. गोठ्याचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून तो दारापाशी ठेवला आहे.

नॉरिस शहाण्णव साली खोकल्यासाठी मिसूलाला गेला. डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढला आणि विचारले, तुम्ही कोणत्या युद्धात होता? सपाट तळव्यांमुळे सैन्याने नॉरिसला दारातूनच परत पाठवले होते. फोटोत बरगड्यांच्या आत एक गोळी होती, स्वच्छ, टोकदार, जराही चेपलेली नाही. कातडीवर वण सापडला नाही.

"कुठे लागत नाहीये, राहू द्या म्हणाले," नॉरिसने बहिणीला सांगितले. मग तो हसला. "तुझीच आहे, होय ना? एवढा चांगला नेम आणखी कोणाचा असणार?"

दर वर्षी तो फोटो काढून आणतो. आर्डिस नवा फोटो जुन्यावर ठेवते आणि दोन्ही स्वयंपाकघरातल्या खिडकीला लावते. बरगड्या बरगड्यांवर बरोबर बसतात. गोळी बसत नाही. दर वर्षी ती गव्हाच्या दाण्याच्या जाडीएवढी पुढे असते, टोक तसेच हृदयाकडे.

आता असे आठ फोटो झाले आहेत. या ऑक्टोबरात आर्डिसने ओसमंडचा मोजचिमटा काढला, त्याची दोन टोके एकमेकांच्या जवळ आणली, आणखी जवळ आणली, आणि खिडकीवरच्या नव्या फोटोत गोळीचे टोक आणि हृदयाची कड यांच्यामधल्या अंतरावर धरली.

मागे नॉरिस कॉफी ढवळत होता. तो साखर घेत नाही.

"किती?" त्याने विचारले.

चिमट्याच्या टोकांमधून केसाएवढा उजेड येत होता.

"आहे अजून," ती म्हणाली, आणि त्याच्याकडे न वळता चिमटा डब्यात ठेवून दिला.