गाडीची खबर

रेवतीने वहीत चार रकाने आखले. तारीख, सोय, वापरली का, आणि हेच काम मोबाइलवर झालं असतं का. दिल्लीत केंद्राच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर असलेली ती टिपण लिहिल्याशिवाय घरातला खर्चसुद्धा मंजूर करत नसे. आणि लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरखाली कव्हर पांघरून उभी असलेली पांढरी गाडी तर त्यांच्या संसारातली पहिलीच.

गाडी महिन्यापूर्वी मयूर विहारच्या कुसुमावतीकाकूंकडून घेतलेली. काकूंचे यजमान तात्याराव मार्चमध्ये गेले. व्यवहार महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीने झाला, म्हणजे अर्धा विश्वासावर. कागदपत्रांवर नाव बदललं. पण गाडी इंटरनेटला जोडणाऱ्या अॅपवरचं खातं तसंच राहिलं. काकूंनी किल्ल्यांबरोबर तात्यारावांची डायरी दिली, तिच्यात पासवर्ड होता. आपल्याच माणसांची गाडी, म्हणून पुढे कुणी काही केलं नाही. अॅप उघडलं की अजूनही अक्षरं उमटत: ‘नमस्कार, तात्याराव.’

कंपनीने दिलेली तीन वर्षांची मोफत सेवा संक्रांतीच्या रात्री बारा वाजता संपणार होती. पुढे वर्षाला साडेचार हजार.

“नकाशा फोनवर आहे, गाणी फोनवर आहेत,” तिचा नवरा प्रतीक म्हणाला. “यार, हे पैसे नक्की कशाचे?”

“तेच तर शोधतेय,” रेवती म्हणाली. तिला खरोखर मजा येत होती.

पाचव्या दिवशी अॅपच्या प्रवासनोंदीत तिला एक ओळ दिसली. पहाटे पाच चाळीस, लक्ष्मीबाई नगर ते मयूर विहार. तिथे थांबा चार मिनिटं. परत. चालकाचा सीटबेल्ट लावलेला, शेजारचा मोकळा.

त्या वेळी दोघंही रजईत होते. दोन्ही किल्ल्या कपाटात होत्या.

“धुक्यात जीपीएस चुकतं,” प्रतीक म्हणाला.

“चुकतं तर इतकं नेमकं चुकतं?” तिचे डोळे चमकत होते. “थांब. आपण तपासू.”

दुसऱ्या दिवशी पहाटे ती स्वेटरवर शाल घेऊन खाली उतरली. धुकं इतकं दाट होतं की कडुलिंबाचा बुंधा दिसत होता, फांद्या नव्हत्या. कुठेतरी कुणी टायर जाळून शेकत होतं. तो कडवट वास गारठ्याला चिकटून बसला होता. हातातल्या फोनवर गाडीचा निळा ठिपका निजामुद्दीन पुलावर होता, वेग बेचाळीस. आणि समोर कव्हराखाली गाडी आपल्या जागी उभी होती.

तिने बॉनेटला हात लावला. बर्फासारखं थंड. मग कव्हराची कड उचलून काचेतून आत पाहिलं.

चालकाचा पट्टा रिकाम्या सीटवर ताणून बसवलेला होता. आणि स्टिअरिंग सावकाश, सराईतपणे वळत होतं. आधी इंडिकेटरची टिक्‌टिक्, मग वळण. ठिपका वळला की चाक वळे.

ती धावत जिने चढली, प्रतीकला हलवून जागं केलं, आणि भीतीने की आनंदाने ते तिचं तिलाही कळेना, पण हसतच म्हणाली, “खरं आहे! प्रतीक, सगळं खरं आहे!”

प्रतीकने एकदा पाहिलं, आणि नंतर तो सकाळी खाली उतरला नाही. रेवती मात्र रोज गेली. चौथ्या सकाळपर्यंत वळणं तिला पाठ झाली होती. काकूंच्या सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडताना गाडी नेहमी डावीकडे वळे.

संक्रांतीला दोघं काकूंकडे तिळगूळ घेऊन गेले. दुखवट्याच्या वर्षात त्या घरी सण नव्हता. गोड बाहेरच्यांनीच न्यायचं.

“अच्छा, तुम्ही आलात! आज अगदी वरपर्यंत,” काकू हसल्या. “एरवी खालूनच जाता.”

“खालून?” रेवतीने विचारलं.

“अग, रोज सव्वासहाला दोनदा हॉर्न देता ना? हेही तसाच द्यायचे, फिरायला जायचं म्हणून. माझे गुडघे असे, तीन जिने उतरेपर्यंत तुम्ही पसार!” त्यांनी तिळाचे दोन लाडू वाटीत बाजूला काढले. “उद्या बघा हं. उद्या मी सहालाच खाली येऊन बसणार आहे.”

रेवतीने हातातली बशी खाली ठेवली. “काकू… उद्या नको. गारठा फार आहे. आणि ते आम्ही…”

“मला काय गारठ्याचं, बाई,” काकू म्हणाल्या. त्यांचा चेहरा पोरीसारखा उजळला होता.



“खातं तात्यारावांचं आहे,” परतीच्या वाटेवर प्रतीक म्हणाला. “रात्री बाराला जोडणी तुटेल. नाही पैसे भरले तर ते येणार कशाने?”

“पण या सेवेवर गाडी चालत नाही रे. आपल्याला फक्त तिची खबर मिळते.”

“मग तुला हवी आहे ही खबर?”

या प्रश्नाला वहीत रकाना नव्हता. त्यांनी पैसे भरले नाहीत.

सकाळी सहाला अॅप करडं पडलेलं होतं. ‘आपली सेवा समाप्त झाली आहे.’ ठिपका नाही, नोंद नाही. रेवतीने सुटकेचा श्वास टाकला. पण खात्री केल्याशिवाय तिला राहवेना. ती खाली गेली. कव्हराची कड उचलली.

स्टिअरिंग वळत होतं.

सहा चौदाला ते थांबलं. तिने काकूंचा मोबाइल लावला. रिंग वाजत राहिली. काचेपलीकडे शेजारच्या सीटचा पट्टा हळूच सरकत बाहेर आला, काहीसा अडखळला, जणू कुणाला सवय नव्हती. मग खट्‌कन बसला.

फोन उचलला गेला.

“काकू! कुठे आहात?”

“अग, निघालो आम्ही,” काकूंचा आवाज आनंदाने भरून आला होता. आणि त्यामागे, अगदी जवळून… टिक्… टिक्… टिक्.

काचेआड तीच टिक्‌टिक्. त्याच लयीत. पण इंडिकेटर उजवा होता.

चाक उजवीकडे वळलं.

“काकू, कुठे चाललात? काकू…”

फोन कटला. तिने अॅप उघडलं, वर्षाचे पैसे भरले, आणि नकाशा यायची वाट पाहत राहिली. पडद्यावर उमटलं: ‘धन्यवाद, तात्याराव. आपली सेवा चोवीस तासांत सुरू होईल.’

तिने पुन्हा आत पाहिलं. शेजारच्या सीटकडची काच आतून श्वासाने धूसर होऊ लागली होती.

चालकाकडची मात्र स्वच्छच होती.