बिनशेपटीचा मारुती

गोव्यातल्या साखळी गावच्या बाजारात मारुतीने माझा हात धरला... खरं म्हणजे मीच त्याचा धरला. पण गावात अजून पहिलीच हकीकत सांगतात.

गोवा घटकराज्य झालं, त्या वर्षीचा शिगमो, म्हणजे आमचा शिमगा. सर्वण गावची मंडळी खाणीच्या टिपर ट्रकवर रामायणाचा चित्ररथ घेऊन आली होती, आणि वाटेत मारुतीचं शेपूट टिपरच्या साखळीत अडकून तुटलं. अंगभर काळा काथ्या चिकटवलेलं ते ध्यान सोड्याच्या दुकानापाशी माझ्याकडे दोरी मागत होतं. मी शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. गंभीरपणे म्हटलं, "शेपूट नाही म्हणजे तुम्ही माकड नाहीच. गोरिल्ला."

"बरं टीचर," मुखवट्याआडून तितकाच गंभीर आवाज आला. "मग गोरिल्ला करतो काय?"

"छाती बडवतो."

त्याने मुठी आवळल्या. मला चुकीचं बघवत नाही — मी त्या मुठी उघडल्या, तळवे ओंजळीसारखे वाकवले... असे, म्हणजे आवाज लांब जातो. काथ्यातून घामाचा आणि गुलालाचा वास येत होता. हात सोडायचं मात्र मला कुणी शिकवलं नव्हतं.

त्या वर्षी लंका जळली नाही. मारुती नुसता छाती बडवत राहिला, आणि रावण आपण होऊन बाजूला झाला.

गुरुदास त्याचं नाव; टिपर त्याचाच. मग शाळा सुटताना तो टिपर फाटकाशी दिसू लागला. दर वेळी गोरिल्लाबद्दल एक नवी शंका. गोरिल्ला रोज संध्याकाळी पानांचं नवं अंथरूण करतो, हे ऐकून आई ओरडेल म्हणाला. तो बहुतेक झाडपालाच खातो म्हटल्यावर, तळलेल्या बांगड्यांखातर त्याने गोरिल्ला व्हायचं रद्द केलं. टक लावून बघणं म्हणजे भांडण काढणं, हे कळल्यापासून तो माझ्याशी बोलताना फाटकाजवळच्या पेरूच्या झाडाकडे बघायचा. मग मीही. त्या झाडाला आमच्याइतकं कुणी पाहिलं नसेल.

आणि फोंड्याचं स्थळ आलं. बँकेतला मुलगा, रविवारी बघायला येणार. मी पेरूला सांगितलं. गुरुदासनेही पेरूलाच विचारलं,

"दोन नर असले तर... मारामारी?"

"कधी कधी. पण मादी आपला कळप सोडते ती स्वतःच्या पायांनी. ज्याच्याजवळ बसावंसं वाटतं, त्याच्याजवळ जाऊन बसते."

"आणि त्याने नुसतं थांबायचं?"

"हो."

"कठीण आहे गो," म्हणाला, आणि पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघितलं.

रविवारी पाहुणे आले. मुलगा सज्जन होता, हीच अडचण. बाबा म्हणाले, बाय, तुला काही विचारायचं असलं तर विचार. विचारायचं काही नव्हतं, म्हणून सांगितलं — मला सर्वणच्या गुरुदासशी लग्न करायचंय. बाबांचा चहा बशीतच राहिला. मुलाने मात्र सावकाश शिरा संपवायला घेतला. मी चपला घातल्या.

सर्वणला गुरुदास घराच्या अंगणात टिपर धूत होता. मी पायरीवर जाऊन बसले.

"फोंड्याचे?"

"शिरा खातायत."

"आणि तू?"

"बसलेय ना."

नळाखालची बालदी भरून वाहू लागली. तो तसाच उभा. शेवटी घराकडे तोंड करून म्हणाला, "आई, एक पान जास्त मांड गो."

"कोण आलंय?" आतून आवाज.

तो नळ बंद करायला वळला. मग मीच म्हटलं, "सुमंगला. आता रोजचीच."