उगोचा काउंटीची चार माणसं

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाही तर सोडून द्या. ज्या मावशींची ही गोष्ट आहे त्यांचं नाव आणि घर मात्र सांगणार नाही. अमेरिकेत सेन्ससच्या, म्हणजे जनगणनेच्या कामात जन्मभर तोंड बंद ठेवायची शपथ घ्यावी लागते. ती मी आज निम्मी मोडतोय.

ऑगस्ट २०२०. मिशिगनमधल्या आमच्या ट्रॉय गावापासून अर्ध्या तासावर, डेट्रॉइटची जुनी कामगार वस्ती. दुपारचे दोन.

मी भानुदास. गाड्यांच्या कंपनीतून रिटायर होऊन घरात बायकोचं, राधाचं डोकं खात बसलो होतो. "अहो, काहीतरी जॉब घ्या," ती वैतागून म्हणाली. म्हणून दारोदार फिरून माणसं मोजायचं हे काम घेतलं.

त्या दारात पुरुषांचे तीन बुटांचे जोड होते. चिखलाने भरलेले... ओले.

आठवडाभर पावसाचा थेंब नव्हता.

ऐंशी ओलांडलेल्या एका हंगेरियन बाईंनी, म्हणजे याच मावशींनी, दार उघडलं.

"एक एप्रिलला, म्हणजे मोजणीच्या ठरलेल्या दिवशी, इथे किती जण राहत होते?" मी विचारलं.

"चार. मी, पपा आणि माझे दोन मोठे भाऊ."

"तुमचं वय?"

"ब्याऐंशी."

"आणि पपांचं?"

"चव्वेचाळीस."

मला हसू आलं. मास्क होता म्हणून वाचलो.

"मूळ कुठलं?"

"उगोचा काउंटी."

मिशिगनमध्ये अशी काउंटी नाही, म्हटलं. मग त्या चौकटीला टेकून सांगायला लागल्या. उगोचा ही हंगेरीची काउंटी, म्हणजे जिल्हा होता. नव्वद हजार वस्तीची. हंगेरियन, रुथेनियन, रोमानियन, ज्यू, सगळे एकमेकांच्या शेजारी. पहिल्या महायुद्धानंतर तिचे तुकडे झाले. आज थोडी युक्रेनमध्ये आहे, थोडी रोमानियात. १९४४ साली आधी ज्यूंना नेलं. नोव्हेंबरात सोविएत सैन्याने पुरुषांना बोलावलं. तीन दिवसांचं काम आहे, तीन दिवसांची शिदोरी घ्या. पपा गेले. दोन्ही भाऊ गेले. मावशी तेव्हा सहा वर्षांच्या होत्या. पुढे आई त्यांना घेऊन डेट्रॉइटला आली, तरी त्या तिघांची खबर नव्हती.

"मग परत कधी आले?" मी सहज विचारलं.

"आई वारली त्या आठवड्यात. इथेच आले, या घरी."

आत... खुर्ची सरकली.

मग कोणीतरी पुरुष खोकला.

मग... दुसरा.

मावशींनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. "सॉरी, त्यांचं जेवण चाललंय," म्हणाल्या.

मी फोनवर घाईघाईने 'एक' टाकलं आणि फॉर्म पाठवून दिला.

"चौघांना लिहिलंत ना?"

"हो."

धडधडीत खोटं बोललो.

गाडीत येऊन बसलो आणि आई आठवली. १९६१ ची शिरगणती. नागपूरला आमच्या वस्तीत एक मास्तर वही घेऊन आला होता. आम्हाला बौद्ध होऊन पाच वर्षं होत आली होती, पण हा न विचारताच जुनी जात लिहून मोकळा. आईने त्याला दारातून हलू दिलं नाही. "आम्ही सांगतो ते लिहा. बौद्ध लिहा." मी तिचा पदर धरून उभा होतो. त्या बाईचा मुलगा मी... फार लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी दुपारी परत गेलो.

बूट नव्हते.

मावशी पायरीवर बसल्या होत्या. रडून रडून डोळे सुजले होते.

"गेले ते," म्हणाल्या. "पपा म्हणाले, इथल्या यादीत आमची नावं नाहीत. आम्हाला इथे राहता येणार नाही."

मी काय लिहिलं ते फक्त मला ठाऊक होतं. राधालासुद्धा बोललो नव्हतो...

"चुकलं माझं, मावशी." मराठीतच निघालं तोंडून. त्यांना समजलं असावं. मग ऑफिसात जाऊन मी हातापाया पडलो, पण तो फॉर्म बंद झाला होता. आणि उघडून तरी काय सांगणार होतो?

"पुढची मोजणी कधी?" हे सांगायला परत गेलो तेव्हा त्यांनी विचारलं.

"दहा वर्षांनी."

त्यांनी बोटांवर मोजलं. "ब्याण्णव. थांबते मग."

आता त्या सत्त्याऐंशीच्या आहेत. महिन्यातून एकदा मी ग्रोसरी घेऊन जातो. घर अगदी शांत असतं. इतकं की, त्या स्वयंपाकघरात गेल्या की मी कान देऊन बसतो. काही म्हणजे काही ऐकू येत नाही, आणि त्याचीच जास्त भीती वाटते.

निघताना त्या दर वेळी विचारतात, "२०३० ला तुम्हीच याल ना?"

मी हो म्हणतो. गेल्या वर्षी मला दोन स्टेंट बसले. ते त्यांना अजून सांगितलेलं नाही.