पाचपैकी पाच

आमच्या खोलीची कडी आतून अडकते, हे मी लग्न होऊन आल्यापासून तीनदा सांगितलं होतं. एकदा नवऱ्याला, एकदा सासूबाईंना आणि एकदा, कुणीच ऐकत नव्हतं म्हणून, त्या कडीलाच. या घरात सगळे एकदम बोलतात. मी मुळात अबोल. माझं वाक्य तोंडातून बाहेर पडेपर्यंत विषय पुढच्या चौकात पोचलेला असतो.

त्या रात्री जेवणं उरकल्यावर धाकट्या दिराने टेबलावर वॉकीटॉकीची माहितीपत्रकं पसरली. तो एका कारखान्याच्या सुरक्षा विभागात आहे. पहारेकरी आणि यार्डातले कामगार मिळून चोवीस जणांसाठी सेट निवडायचं काम साहेबांनी त्याच्या गळ्यात घातलं होतं, आणि सकाळी निर्णय कळवायचा होता. सासऱ्यांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे मोठे काका, वॉकीटॉकीच्याच धंद्यातून निवृत्त झालेले. दीर खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसला.

"काका, हा बघा. दहा किलोमीटर रेंज."

"समुद्रावर," काका म्हणाले. "तुझा कारखाना बोटीवर आहे का?"

नणंद फिसकन हसली.

"बरं, हा घ्या. पाण्यात पडला तरी चालतो."

"सेट चालेल रे. पहारेकऱ्याचं काय?" काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "हातमोजे घालून बटण सापडतं का ते पाहिलंस? मशीन चालू असताना आवाज कळतो का? बॅटरी अख्खी पाळी पुरते का? रंगीत स्क्रीन घेऊन पहारेकरी काय सिनेमा बघणार आहे?"

"ते सगळं या दोघांत सारखंच आहे," दीर म्हणाला. "महागातल्यात फक्त एक जास्तीचं. बटण मिनिटभराच्या वर दाबलेलं राहिलं तर सेट आपोआप बोलणं तोडतो. ते कशाला लागतं? कुणी गप्पा छाटत बसू नये म्हणून?"

काकांनी कप खाली ठेवला. ते कप तीन बोटांनी धरतात. उजव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांची टोकं नाहीत. घरात त्याबद्दल कुणी बोलत नाही, त्यामुळे मीही विचारलं नव्हतं.

"ते दार जरा उघडं ठेव गं," ते नणंदेला म्हणाले.

दार उघडंच होतं. तिने उठून ते आणखी उघडल्यासारखं केलं.

"माझ्या ओळखीत एक जण होता," काका म्हणाले. "उंच आणि काटकुळा. धंद्यात सगळे त्याला अँटेना म्हणायचे."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं.

अँटेनाचं काम चाचणीचं. गिऱ्हाईक सेट घेण्याआधी हा जागेवर जाणार. एक सेट गेटवरच्या माणसाकडे, दुसरा याच्याकडे. हा खोल्याखोल्यांतून हिंडणार आणि प्रत्येक ठिकाणाहून विचारणार, आवाज कसा येतोय? पाचपैकी आकडा द्यायचा. याच्या हातात जागेचा एक नकाशा, गेटवाल्यासमोर दुसरा. दोघांनी आपापले आकडे लिहायचे आणि शेवटी कागद शेजारी ठेवून बघायचं, आवाज कुठे मरतो ते.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. एकोणीस जानेवारी, मंगळवार. गावाबाहेर हमरस्त्याला लागून एक शीतगृह होतं. एका लांब बोळात आठ खोल्या, आत उणे अठरा. दिवसभर माल चढवणं-उतरवणं चालायचं, म्हणून चाचणी रात्रीची ठरली. सव्वादहाला हा पोचला. मोबाइल गेटवर जमा केला, तिथला नियमच तसा. गेटवर सुपरवायझर एकटाच. पोट सुटलेला, गुणगुणायची सवय असलेला, बरा माणूस. त्याने अंगात घालायला जाड कोट दिला.

त्याच्याही दोन वर्षं आधी तिथला एक पहारेकरी रात्रीच्या फेरीत सहा नंबरच्या खोलीत अडकून मेला होता. दाराला आतून उघडायचा खटका असतो, तो बर्फाने धरला होता. त्याच्याकडे सेट होता, पण गेटवर काहीच ऐकू आलं नाही. चौकशीत दोष रेडिओवर टाकला. म्हणून आता नवे रेडिओ. खटका बदलायला तासभर लागला असता, पण कागदावर दोष खटक्याचा नव्हता ना.

"म्हणजे खटका तसाच?" दिराने विचारलं.

"अर्ज गेलेला होता," काका म्हणाले.

अँटेना कामाचा पक्का. चाचणी तो दार ओढून घेऊनच करायचा. म्हणायचा, माणूस अडकतो तेव्हा दार बंदच असतं, मग उघड्या दारात आवाज मोजून काय उपयोग? एक नंबरची खोली. दार बंद. "आवाज कसा?" "पाच." दोन नंबर, पाच. तीन, चार. प्रत्येक खोलीचा खटका आतून दाबला की दार सुटत होतं. चार नंबर, चार. पाच नंबर, पुन्हा चार. पाच खटके चालले, म्हणून सहावा बघावा असं काही मनात आलं नाही. सेट इतका छान चालला होता, की मी खुशीतच दार ओढलं... त्याने दार ओढलं.

काका थांबले. चूक इतरांच्या लक्षात आली नसावी. मी त्यांच्या बोटांकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

दार लागलं. बटण दाबून त्याने विचारलं, "सहा नंबर. आवाज कसा?"

उत्तर नाही. बटण सोडल्यावर सेटमधून गुणगुणणं ऐकू आलं. खुर्ची करकरली. कपात चहा ओतल्याचा आवाज. स्पष्ट, पाचपैकी पाच. त्याने सवयीने नकाशावर पाचाचा आकडा लिहिलासुद्धा. आणि मग त्याच्या डोक्यात उजेड पडला.

सुपरवायझरने सेट खुर्चीत ठेवला होता आणि स्वतः त्यावर बसला होता.

काका दिराला म्हणाले, आता हे नीट समजून घे. एका चॅनेलवर एका वेळी एकच माणूस बोलतो. सुपरवायझरचं बटण दाबलेलं, म्हणजे त्याचा सेट बोलतोय. बोलणारा सेट ऐकत नाही. याने आतून कितीही ओरडावं, तिकडे काहीच पोचणार नाही. तू विचारलंस ती मिनिटभराची सोय या सेटमध्ये होती. पण ती चालू करावी लागते. दाखवायच्या सेटमध्ये एवढं कोण करत बसतं? यानेही केलं नव्हतं.

याने खटका दाबला. हलला नाही. खांद्याने दाबला. लाथ मारली. भिंती हातभर जाडीच्या. बाहेर बोळात कुणी नाही. बटणं दाबायला उजव्या हाताचा मोजा काढला होता, तो दाराबाहेर पिशवीवर राहिला होता.

पावणेअकरा.

सेटमध्ये सुपरवायझर गुणगुणत होता.

अकरा. हा खोलीत येरझाऱ्या घालत होता. हात काखेत. मग येरझाऱ्या कमी झाल्या. झोप यायला लागली. तिथे झोप येणं म्हणजे काय, ते त्याला माहीत होतं. दर मिनिटाला तो बटण दाबायचा, "दार उघडा" म्हणायचा, बटण सोडायचा. गुणगुणणं. खुर्ची. माणूस इतका जवळ, की त्याच्या चहाचा घोट ऐकू येतोय... आणि त्याला हा मेला तरी कळणार नाही.

सव्वाअकरा.

गुणगुणण्याच्या खालून दुसरा आवाज आला.

"सहा नंबर बोलतोय..."

काकांचा आवाज बारीक झाला होता.

हे होऊ शकत नाही. चॅनेल अडलेला. त्यावर दुसरा आवाज येत नाही. उभ्या जन्मात आला नव्हता.

"सहा नंबर बोलतोय. दार आतून उघडत नाही..."

याचे ओठ बंद होते. अंगठा बटणावर नव्हता.

"ऐकू येतंय का?"

तोच थकलेला सूर. पुन्हा. पुन्हा. खूप वेळ एकच वाक्य म्हटल्यावर माणूस म्हणतो तसा... उत्तराची आशा सोडून.

"ऐकू येतंय का?"

याने बटण दाबलं. बोट जाणवत नव्हतं.

"येतंय."

शांतता. गुणगुणणंही... नाही.

मग हळूच, "कसं?"

आता याने काय सांगावं? आयुष्यभर जे सांगत आला तेच सांगितलं. "स्पष्ट. पाचपैकी पाच."



मग सेटमधून खुर्ची करकरली. सुपरवायझर बोलला, पण सेटशी नाही. समोर कुणी उभं असावं तसा. "तू?" मग, "मला माहीत नव्हतं रे... मी त्यावर बसलो होतो, मला सकाळी कळलं..."

सेट खाली पडला. धावण्याचा आवाज.

दार उघडलं तेव्हा हा दाराला टेकूनच बसला होता, तो बाहेर कोसळला. सुपरवायझरचा चेहरा पांढराफटक. म्हणाला, "त्याने सांगितलं, सहाचं उघड."

त्याच रात्री त्याने सगळं कबूल केलं. पहारेकरी गेला त्या रात्रीही गेटवर तोच होता. तीच खुर्ची, तीच सवय. सकाळी उठताना मांडीखालचा सेट पाहिला आणि चौकशीत बॅटरी संपल्याचं सांगितलं. दोन वर्षं त्या गेटवरून बदली मागितली नव्हती. म्हणाला, जाववत नाही.

काकांनी पाण्याचा घोट घेतला. दिराने महागड्या सेटचं पत्रक उचलून वेगळं ठेवलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "ती मिनिटाची सोय मी स्वतः चालू करून घेऊ ना? सगळ्या चोवीस सेटमध्ये?"

"एकेक हातात घेऊन," काका म्हणाले. "आणि दारं बघ. आधी दारं."

मग ते उठले आणि कपाटातून एक घडी घातलेला नकाशा घेऊन आले. "गेटवरचा कागद. सुपरवायझरचे आकडे. अँटेनाने माझ्याकडे ठेवायला दिला."

पेन्सिलीचे जाड आकडे होते. एक नंबरला पाच, दोनला पाच, मग चार, चार, चार. सहाव्या चौकोनातही पाच होता, पण पातळ आणि थोडा तिरका.

"सुपरवायझर शपथेवर म्हणाला, सहाव्यात मी काही लिहिलं नाही. ऐकलंच नाही तर लिहिणार काय?"

नणंद म्हणाली की तिला झोप येतेय, पण उठली नाही. नवरा मात्र उठला. खणातून पेचकस घेतला आणि कुणाशी न बोलता आमच्या खोलीकडे गेला. कडीचे स्क्रू पिळल्याचा आवाज येऊ लागला.

कागद हातोहात फिरत शेवटी माझ्याकडे आला. बाहेर उकाडा होता, पंखा गरम वारा टाकत होता. पेन्सिलीचे आकडे बोट फिरवलं की किंचित खरखरतात. एकपासून पाचपर्यंत तसेच लागले. सहाव्यावर बोट ठेवलं आणि तिथेच थांबलं.

तो आकडा पेन्सिलीचा नव्हता. वाफ धरलेल्या काचेवर बोटाने लिहावं तसा होता. ओला.

मी बोट उचललं. टोक गार पडलं होतं. कागदावरचा पाच तसाच होता, बारा वर्षांनंतरही न वाळलेला.

काका माझ्याकडेच पाहत होते.

"सूनबाई," ते म्हणाले, "त्याचा आवाज आला ना ऐकू?"