तांब्यावर काही होत नाही

उदय सर मंगळवारी दुपारी विरघळले.

असं काही झालेलं नाही. शाळेच्या दप्तरात सर त्या दिवशी हजर आहेत, आणि दप्तरापुढे माझी काय बिशाद.

रायपूरच्या बूढापारा मोहल्ल्यातली आमची शाळा. मी लॅब असिस्टंट. दहावीचं प्रॅक्टिकल होतं. तीन परखनळ्यांत विरल हायड्रोक्लोरिक ॲसिड. जस्त फसफसलं, लोखंड जरा आळसानं. तांब्याच्या तुकड्यांचा डबा उघडला तर रिकामा.

"त्यात काय," म्हणत सरांनी अनामिकेतली अंगठी काढली. तांब्याची. आईनं पंडिताला विचारून घातलेली, वीस वर्षांत न उतरलेली. "पाहा पोट्टेहो, तांब्याले हे ॲसिड काहीच करत नाही."

अंगठी तळाशी बसली. मग एक बुडबुडा वर आला.

पहिल्या बाकावरची मीनल म्हणाली, "सर, कॉपर तो रिअ‍ॅक्ट नहीं करता ना?"

"नाही करत," सर म्हणाले. नळी निळी होत होती.

मी लांब चिमटा घातला. अंगठी पकडली, वर काढली. चिमट्यात काही नव्हतं. सरांच्या बोटावरचा अंगठीचा पांढरा वळ गेला. मग बोट गेलं. रक्त नाही, काही नाही.

"सर, ओतून देऊ काय?"

"सांडू नको बे! मी आहो ना त्याच्यात."

मग बाही रिकामी झाली.

मग खुर्ची.

घंटा झाली. मीनलनं वहीत लिहिलं, 'अभिक्रिया होत नाही.' परीक्षेत तेच बरोबर धरतात.

सरांचा अंगठा ॲसिडनं गुळगुळीत झालेला, म्हणून हजेरीच्या मशीनमध्ये त्यांची अनामिका नोंदवलेली होती. बुधवारी मी मशीनच्या काचेवर नळीतला एक थेंब सोडला.

मशीन म्हणालं, "धन्यवाद."

थेंब मी रोज परत नळीत टाकतो. पण एप्रिल आहे, आणि रायपूर आहे. बूच लावून पाहिलं. आतून टकटक झाली. काढलं.

मा. प्राचार्य महोदया,
शाळेचे शिक्षक श्री. उदय उन्हामुळे आटत असून, आज सकाळी ते करंगळीच्या पेराएवढे उरले आहेत. तरी प्रयोगशाळेस एक लहान फ्रिज तातडीने मंजूर व्हावा. बूच नसलेली परखनळी उभी राहील, एवढ्या उंचीचा.