स्मृतिभाराविरुद्ध अपील

सुनावणीला वेळ होता, म्हणून पोलिसांनी तेजस धुमाळला आईजवळ बसू दिलं होतं. त्यानं आईचा हात हातात घेतला, अंगठ्याखालचा सांधा हलकेच दाबून पाहिला आणि म्हणाला, "आई, तुला सव्वादोनच्या बांगड्या होतील."

समोरच्या बाकावर बसलेल्या मुरलीधर रासन्यांनी ते ऐकलं. हात असा दाबून माप सांगायची ती इंदुमती, त्यांची बायको. सांगलीच्या बाजारात दोघांचं बांगड्यांचं दुकान होतं. नशेच्या गोळ्या खाऊन, आणखी विकायला गाडीत ठेवून, तेजसनं भरधाव गाडी त्याच दुकानात घातली होती. इंदू जागच्या जागी गेली.

नव्या कायद्यानं त्याला दोन शिक्षा झाल्या. सात वर्षं तुरुंग आणि स्मृतिभार. मुरलीधरांच्या मेंदूतल्या इंदूच्या आठवणी, त्यांना स्वतःला न आठवणाऱ्यासुद्धा, यंत्रानं टिपून तेजसच्या मेंदूत उतरवल्या. आपण कुणाला मारलं ते त्याला कळावं म्हणून. तेव्हा मुरलीधर सगळ्यांना सांगत, भोगू दे.

तेजसच्या वकीलबाईंचं म्हणणं असं, की तुरुंगवास वाढवला तरी चालेल, फक्त स्मृतिभार काढा. पण मृत व्यक्तीच्या नवऱ्याची हरकत असली तर तो काढता येत नसे. न्यायाधीशांनी मुरलीधरांना पुढे बोलावलं.

हरकत घ्यायलाच ते आले होते. आधी मात्र त्यांनी तेजसला एक विचारायची परवानगी मागितली.

"गिऱ्हाईक नसलं की ती काय पुटपुटायची रे? मला आता काही केल्या आठवत नाही."

"पाढे, काका. एकोणतीसचा. चुकला की तुमच्याकडं बघून हसायची. म्हणायची, तुम्हीच चुकवला."

मुरलीधरांना हिरव्या काचेवर पडलेलं दुपारचं ऊन दिसलं, चहाची बशी दिसली, तिचं ते हसणं दिसलं. घरात आता कुणी तिचं नाव काढत नसे. त्यांनी काढलं, तर लेक विषय बदलायची.

"मीच मारलं त्यांना," तेजस म्हणाला. "आणि मलाच रोज त्यांची आठवण येते. हे दोन्ही एका डोक्यात मावत नाही."

न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं, हरकत आहे की नाही?

मुरलीधरांनी कठडा धरला.

"शिक्षा म्हणून नको, साहेब. पोरगं थकलंय. पण ह्याच्याकडनं ती काढून घेतली, तर तिच्याबद्दल मी बोलू कुणाशी?"